टॉमचा नंबर तुम्ही लिहिलाच नाही

प्रश्न: गेली बारा वर्षं मी ड्रम वाजवतोय. लुडविग या अमेरिकन कंपनीचा जुना सेट घ्यायची इच्छा होती, ती गेल्या महिन्यात पुरी झाली. पांढऱ्या मरीन पर्लचा, म्हणजे वरून मोत्यासारखं चमकणारं आवरण चढवलेला सेट आहे. २२ इंची बेस ड्रम, त्यावर बसणारा १३ इंची टॉम, जमिनीवर उभा राहणारा १६ इंची फ्लोअर टॉम आणि सोबत क्रोमचा स्नेअर. ‘१९६५ चा, एकाच मालकाचा, सगळं मूळ’ असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. घरी आणून उघडला आणि एकेक गोष्ट बाहेर पडायला लागली. बेस ड्रमच्या बॅजवरचा, म्हणजे कंपनीच्या बिल्ल्यावरचा नंबर १,४०,००० च्या घरातला, फ्लोअर टॉमचा १,९०,००० च्या पुढचा. या दोघांच्या आत पांढरा रंग आहे, टॉम मात्र आतून नुसत्या वार्निशचा. फ्लोअर टॉमचा बॅज तिरका बसलाय. बेस ड्रमला चार जादा भोकं आहेत, आतून बुजवलेली. टॉमच्या एका हूपला (पडदा ताणून धरणाऱ्या धातूच्या कड्याला) चुंबक चिकटतं, दुसऱ्याला चिकटत नाही. बेस आणि फ्लोअर टॉम पिवळट पडलेत, टॉम त्यामानानं पांढरा आहे. मित्र म्हणतात, तीन सेटांची खिचडी तुझ्या गळ्यात मारली. सेट परत करू का?

उत्तर: परत करायची घाई करू नका, आणि मित्रांना सध्या तरी सेटपासून लांब ठेवा. तुमच्या यादीतल्या निम्म्या गोष्टी कारखान्याच्या आहेत, त्यात फसवणूक काही नाही. उरलेल्या निम्म्यांबद्दल विकणाऱ्याशी बोलावं लागेल. गोंधळ झालाय तो सगळं एकाच यादीत, एकाच वजनानं लिहिल्यामुळे. नंबरातला फरक आणि ती चार भोकं यांची बरोबरी होऊ शकत नाही.

जुना ड्रम बघताना मी प्रत्येक खोडीला एकच गोष्ट विचारतो: ही ड्रम कारखान्यातून बाहेर पडायच्या आधी झाली की नंतर? आधी झाली असेल तर तो त्या ड्रमचा स्वभाव. नंतर झाली असेल तर कोणाचा तरी हात लागलाय, मग तो कोणाचा आणि कशासाठी, ते शोधायचं.

नंबरांपासून सुरुवात करू, कारण तुमची झोप त्यांनीच उडवलेली दिसतेय. लुडविगनं बॅजवर नंबर छापायला सुरुवात केली १९६३ च्या शेवटाकडे. पुढे ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स ‘द एड सलिव्हन शो’मध्ये वाजवायला बसले. रिंगो स्टारच्या बेस ड्रमवर मोठ्या अक्षरात ‘लुडविग’ लिहिलेलं होतं आणि अमेरिकेत सात कोटींहून जास्त लोकांनी ते घरबसल्या पाहिलं. त्यानंतर शिकागोच्या डेमन अव्हेन्यूवरच्या कारखान्याची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करा. दिवसरात्र पाळ्या सुरू झाल्या, तरी मागणी पुरी होईना.

अशा धावपळीत ‘हा बेस, हा त्याचा टॉम, हा त्याचा फ्लोअर टॉम, तिघांना लागोपाठचे नंबर’ असा संसार कोणी मांडत नव्हतं. ड्रम आकाराप्रमाणे वेगवेगळे तयार व्हायचे आणि ऑर्डर आली की एकत्र केले जायचे. नंबर छापलेले बॅज डब्यात पडलेले असायचे, कारागीर हाताला लागेल तो उचलून ठोकायचा. डब्याच्या तळाशी गेलेला बॅज कित्येक महिन्यांनी वर यायचा. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेतलेल्या सेटमध्ये पन्नास हजारांचा फरक निघाला तर दचकायचं कारण नाही. उलट तिन्ही ड्रमचे नंबर ओळीनं लागले असते, तर मी भिंग घेऊन बसलो असतो.

नंबरापेक्षा भरवशाची गोष्ट ड्रमच्या आत असते, ती म्हणजे तारखेचा शिक्का. त्या काळातल्या बऱ्याच लुडविग शेलांच्या, म्हणजे ड्रमच्या लाकडी पिंपांच्या आत लाल शाईनं तारीख उमटवलेली सापडते. सगळ्यांवर नसते. असली तरी पुसट, तिरकी किंवा उलटी असू शकते. हेड (ज्यावर वाजवतो तो पडदा) काढा, खोलीतला दिवा घालवा आणि बॅटरी शेलच्या भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका. समोरून प्रकाश पाडलात तर पांढऱ्यावरची फिकट लाली दिसणारच नाही. बेस आणि फ्लोअर टॉमच्या तारखांत काही महिन्यांचंच अंतर असेल तर दोघे एकाच घरचे समजायला हरकत नाही.

शिक्का शोधताना आतला भाग पुसायचा नाही. माझ्या उमेदवारीच्या काळात एक फ्लोअर टॉम दुरुस्तीला आला होता. आत वर्षानुवर्षांची काजळी साचली होती. स्पिरिटमध्ये बुडवलेली चिंधी घेऊन मी मन लावून पुसायला बसलो. शेल छान निघाला. हात धुवायला उठलो तेव्हा चिंधीवर बोटभर लांबीचा गुलाबी डाग दिसला. ती त्या ड्रमची जन्मतारीख होती. मालकाला मी ते सांगितलं. तो काही बोलला नाही, आणि परत कधी आलाही नाही.

आता तिरका बॅज. लुडविगचा हा कीस्टोन बॅज खिळ्यांनी बसवलेला नसतो. शेलच्या हवेच्या भोकात जी धातूची नळी ठोकतात, तिच्याच कडेखाली तो दाबलेला असतो. एकाच जागी धरलेली वस्तू तिरकी बसू शकते आणि पुढे फिरूही शकते. कधी तिरका झाला, ते रॅपच, म्हणजे शेलवरचं पर्लचं आवरणच सांगेल. मरीन पर्ल उजेडानं पिवळा पडतो, पण बॅजखालचा भाग झाकलेला राहतो. बॅजच्या कडेला बारकाईनं बघा. तो सरळ असताना जिथे असता तिथे त्याच्या आकाराची पांढरी पाचर डोकावतेय का? डोकावत असेल तर बॅज अलीकडे फिरलाय. पिवळेपणा तिरक्या कडेला बरोबर चिकटून थांबला असेल तर तो पहिल्यापासून तसाच तिरका आहे. पाळी संपत आलेल्या कुठल्याशा कारागिरानं ठोकलेला. मी असतो तर त्याला हात लावला नसता. याच वेळी नळीची आतली, दुमडलेली कडाही बघून घ्या. ती फाटलेली, पक्कडीनं चेमटलेली किंवा भलतीच नवी चकचकीत असेल तर बॅज कधीतरी काढून परत बसवलाय. मग त्यावरच्या नंबराला काही अर्थ उरत नाही.

हूपांचा विषय दोन ओळींत संपतो. लुडविगचे हूप साठच्या दशकाच्या सुरुवातीला पितळेचे होते, त्यांच्यावर क्रोम चढवलेलं असायचं. पुढे ते पोलादी झाले. पितळेला चुंबक चिकटत नाही, पोलादाला चिकटतं. एक हूप वाकला म्हणून कोणीतरी दुसरा लावला असेल, इतकं साधं आहे ते. हूप म्हणजे पायातली चप्पल, ती बदलतेच.

स्नेअरबद्दल तुम्ही शंका काढली नाहीत, पण मित्र काढतील, म्हणून सांगून ठेवतो. सेट पर्लचा आणि स्नेअर क्रोमचा यात विसंगती काही नाही. कित्येक जण सेटसोबत धातूचाच स्नेअर घ्यायचे. तो लुडविगचा सुप्राफोनिक असेल तर १९६५ च्या सुमाराचा शेल ॲल्युमिनियमचा, वरून क्रोम. ॲल्युमिनियमवर क्रोम नीट टिकत नाही, बारीक फोड येतात, पापुद्रे सुटतात. लोक त्याला निष्काळजीपणा म्हणतात, पण तो त्या धातूचा रोगच आहे. चुंबक फक्त शेलला लावून बघा. शेलला चिकटलं तर तो सुप्राफोनिक नव्हे.

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ.

टॉम आतून वार्निशचा आहे म्हणता. लुडविगनं आतला पांढरा रंग बंद करून पारदर्शक वार्निश सुरू केलं ते १९६८ च्या सुमारास. म्हणजे १९६५ च्या सेटमध्ये वार्निशचा टॉम कारखान्याच्या धांदलीतून आला, असं म्हणता येत नाही. डब्यातला बॅज मागेपुढे होईल, तीन वर्षांनंतरची पद्धत आधी कशी येईल? त्यात हा टॉम बाकी दोघांपेक्षा पांढरा. नुसत्या पांढरेपणावर मी निकाल दिला नसता. वर्षानुवर्षं पेटीत बंद राहिलेला ड्रम पांढराच राहतो. पण दोन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवतायत. आणि तुम्ही बेसचा नंबर दिलात, फ्लोअर टॉमचा दिलात, टॉमचा मात्र लिहिलाच नाही. विसरलात, का बघून मुद्दाम गाळलात? माझा अंदाज आहे की तो बाकी दोघांपेक्षा बराच पुढचा निघेल.

तरी शिक्कामोर्तब करण्याआधी एक शक्यता तपासा. टॉम जुनाच असेल आणि त्याचा पांढरा रंग कोणीतरी खरवडून काढला असेल. ‘लाकूड मोकळं झालं की आवाज खुलतो’ म्हणत असले उद्योग करणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्या काळच्या तीन प्लायच्या लुडविग शेलला आतून वर आणि खाली एकेक लाकडी कडं चिकटवलेलं असतं. कडं आणि शेल जिथे भेटतात तो बारीक सांधा बघा. पॉलिश पेपर तिथे पोचत नाही. सुईच्या टोकानं हलकेच उकरा, पांढरा कण निघाला तर रंग काढलाय. लगच्या (हूप ताणणारे बोल्ट ज्यात बसतात त्या धातूच्या तुकड्यांच्या) स्क्रूंची भोकंही आतून बघा, त्यांच्या कडेलाही रंग मागे राहतो. काहीच न सापडता स्वच्छ, जुनं, मधासारखं झालेलं वार्निश लागलं तर टॉम नंतरचा आहे. आणि ते लाकडी कडंच नसेल तर टॉम आणखी अलीकडचा. कडं काढून सहा प्लायचे शेल यायला लागले ते १९७६ च्या सुमारास. कडेवर नख फिरवून थर मोजा, लगेच कळेल.

रॅप बदललाय का, हेही याच बैठकीत बघून घ्या. टॉमचा एक लग सोडवा, एकच पुरे. मूळ रॅपमध्ये भोक लाकडाबरोबर, एकाच ड्रिलनं पडलेलं असतं, त्यामुळे दोन्हींच्या कडा जुळतात. नंतर रॅप चढवणारा माणूस बहुतेक वेळा आतून, जुन्या भोकातून नवा रॅप टोचतो किंवा कापतो. तिथे दाते दिसतात, गोंदाचा ओघळ दिसतो. लग काढलाच आहे तर त्याच्याखालचा रंगही बघा. बेस ड्रमचा एखादा लग सोडवून दोन्ही झाकलेल्या जागा शेजारी शेजारी ठेवून ताडल्यात तर फारच छान. न उन्हाळलेला पर्ल दोन्हीकडे सारखा असेल तर टॉमनं फक्त अंधारात दिवस काढलेत. मुळातच वेगळा असेल तर पर्लच वेगळा आहे.

‘एकाच मालकाचा’ हे विकणाऱ्याचं वाक्य मात्र मी एवढ्यानं खोटं ठरवणार नाही. पहिला टॉम फुटला, चोरीला गेला किंवा उधार दिला आणि परतच आला नाही, म्हणून त्याच मालकानं १९६९ मध्ये नवा घेतला असेल. वाजवणाऱ्या माणसाचा सेट असाच वाढतो. मालक एक असू शकतो. ‘सगळं मूळ’ मात्र टिकत नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती चार भोकं. कारखान्याच्या चुका मी खूप पाहिल्यात. लग रेषेपासून दोन-तीन मिलिमीटर सरकलेला, ब्रॅकेटखाली लपवलेलं चुकीचं भोक, बेस ड्रमला टेकू देणारा एका बाजूचा स्पर दुसऱ्यापेक्षा वर. या चुकांची खूण अशी की कारखान्यानंच त्या झाकलेल्या असतात, किंवा आतल्या रंगाखाली त्या बुडालेल्या असतात. भोकाच्या आतल्या कडेवर मूळ पांढरा रंग ओघळून वाळलेला असेल तर ते रंगकामाच्या आधीचं, म्हणजे कारखान्यातलं. कोरी कडा दिसली तर मात्र एवढ्यानं काही सिद्ध होत नाही, कारण रंगानंतरही कारखान्यात भोकं पाडत.

तुमची भोकं बुजवलेली आहेत. आणि ती बेस ड्रमच्या वरच्या बाजूला, चौकोनात असतील, मध्ये पाचव्या मोठ्या भोकाची शंका येत असेल, तर गोष्ट सरळ आहे. सत्तरच्या दशकात एकाऐवजी दोन टॉम लटकवायची हौस आली आणि हातोड्यासारखे वाजवणाऱ्यांना टॉम धरणारं जुनं नाजूक माउंट पुरेनासं झालं. मग ड्रिल घ्यायचं, जाडजूड माउंट बसवायचं. दहा वर्षांनी पुन्हा जुन्याची किंमत कळली की ते काढायचं, भोकं बुजवायची, मूळ माउंट शोधून लावायचं. तुमच्या ड्रमवर हे सगळं होऊन गेलेलं दिसतंय. आत चिकटवलेल्या लाकडाभोवतीचा पांढरा रंग बाकीच्यापेक्षा अधिक पांढरा असेल, बघा. जुना पांढरा सायीसारखा झालेला असतो, नवा खडूसारखा दिसतो.

आवाजाला या बुजवलेल्या भोकांनी काही होत नाही. पण संग्राहकाच्या हिशोबात बेस ड्रमला जादा भोक म्हणजे फार मोठी वजाबाकी. ज्याच्यावर माउंटसाठीसुद्धा भोक पाडलेलं नाही, अशा बेस ड्रमच्या मागे लोक का लागतात ते यावरून समजा. विकणाऱ्यानं ही भोकं आधी सांगायला हवी होती. ती आतून बुजवलेली आहेत, म्हणजे ती आहेत हे कोणाला तरी माहीत होतंच.

तेव्हा त्याला फोन करा, पण यादी वाचून दाखवू नका. नंबर, बॅज, हूप, यांतलं काही काढलंत तर त्याला कळेल की समोरच्याला समजत नाही, आणि तो सगळंच उडवून लावेल. दोनच गोष्टी बोला: टॉम नंतरचा आहे, बेस ड्रमला भोकं पाडून बुजवलीत. फोटो हातात ठेवा. ‘सगळं मूळ’ या शब्दांवर किंमत ठरली होती, तर त्या दोन गोष्टींपुरती ती खाली यायला हवी. त्याला मान्य नसेल तर परत करा. तो राजी झाला आणि तुम्हाला सेट वाजवायचा असेल, तर ठेवा. तुम्ही बारा वर्षं वाजवताय, कपाटात मांडायला घेतला नसेल असं धरून चालतो.

ठेवलात तर तीन गोष्टी करू नका. शेलच्या कडा नव्यानं कापून घेऊ नका. त्या काळच्या कडा मुळातच गोलसर असतात, खराब म्हणून गोल झालेल्या नसतात. आवाजातला तो ऊबदारपणा बराचसा तिथूनच येतो. आधी सपाट काचेवर शेल ठेवून, आत बॅटरी लावून, कुठे फटीतून उजेड येतो का बघा. येत नसेल तर विषय बंद. दुसरं, पर्लवर ॲसिटोन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही नको, रॅप विरघळेल. आणि रॅपचा सुटलेला सांधा बसवायला हीट गन तर मुळीच नको. ते जुनं सेल्युलॉइड आहे, झटकन पेट घेतं. लगच्या स्क्रूपासून कडेपर्यंत एखादी बारीक चीर दिसली तर घाबरू नका. सेल्युलॉइड वर्षांनुवर्षं आकसतं आणि स्क्रूनं धरलेल्या जागी तडकतं. तिसरं, पिवळेपणा घालवायच्या नादी लागू नका. पॉलिशनं वरची मळी जाईल, पिवळा जाणार नाही. तो पर्लच्या आत उतरलेला असतो.

आत एक लाल फेल्ट लावलेली दांडी असेल, बाहेरच्या खटक्यानं हेडला टेकणारी. तिला मफलर म्हणतात, गळ्यातल्या मफलरशी तिचा संबंध आवाज गुंडाळण्यापुरता. ती आवडत नसेल तरी कापू नका. सोडवून, स्क्रूसकट पिशवीत घालून, पिशवीवर कुठल्या ड्रमची ते लिहून ठेवा.

जाता जाता, या सेटमुळे चटक लागून दुसऱ्या कंपन्यांचे जुने ड्रम बघायला निघालात तर प्रत्येकीची खोड वेगळी असते, एवढं धरून चला. ग्रेचचा शेल आतून चंदेरी रंगाचा असतो, तो नंतर कोणी फासलेला नाही. रॉजर्सच्या सुरुवातीच्या पातळ पितळी लगना तडे जातात, ती बनावटीचीच उणीव. जुन्या ब्रिटिश प्रीमियरचे १२ आणि १४ इंची ड्रम आजच्या मापापेक्षा किंचित मोठे निघतात, आजचं हेड त्यांच्यावर बसत नाही, आणि माणूस उगाच शेल वाकडा झाला म्हणून रडत बसतो.

टॉमचा नंबर कळवा. सांध्यात पांढरं काही निघालं का, तेही.